खोली

सावद्याला बोंड्यांच्या घरी
खोल्या आधीच मोजून झाल्या होत्या.
विहिरीचं पाणी, ट्रॅक्टर, ठिबकच्या नळ्या,
उभ्या केळीच्या झाडाझाडाला
कागदावर आकडा पडला होता.
राहिला होता टीव्ही.
“सायबूभाऊ, तुमी तिसरे मानूस,”
लीलाधर फोनवर म्हणाले,
“तुमी म्हनाल तो भाव.”

फैजपूरहून मोपेडवर निघालो.
पिशवीत मीटर, मऊ फडकं, पेन ड्राइव्ह;
त्यात पांढरा, लाल, हिरवा, निळा, काळा
असे नुसते रंग,
आणि तीन मिनिटांचे मासे.

त्रेसष्ट इंच. प्लाझ्मा.
केळीला भाव लागला त्या वर्षी
दिल्लीहून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून आला,
वाळल्या केळीच्या पानांत गुंडाळून.
मागची जाळी उघडली तर पंख्यापाशी
एक पान अजून होतं,
तंबाखूसारखा चुरा झालेलं.

खिडक्यांना गोधड्या टांगल्या.
कूलर बंद केला, स्टॅबिलायझरला दोघं झेपत नाहीत.
बाहेर शेहेचाळीस.
आत काच तव्यासारखी तापत गेली
आणि मागून बारीक गुणगुण.
प्लाझ्माचा स्वभावच तो,
दोष म्हणून लिहायचा नसतो.

पांढरा लावला.
खाली बाजारभावाची पट्टी भाजून बसलेली.
रोज सकाळी तेच चॅनेल, तीच पट्टी, सात वर्षं.
आकडे वाचता येत नाहीत,
आकड्यांची जागा तेवढी दिसते.
हजार रुपये कमी.

काळा लावला
आणि मी जरा वेळ बोललो नाही.
आजकालच्या टीव्हींचा काळा
धुतलेल्या शाईसारखा.
हा असा, की हेमराज अंधारातून म्हणाला,
“लाइट गेले का?”
हजार रुपये परत.

मग चष्मे. चार होते.
एकाची दांडी उंदराने खाल्लेली,
एकाचा सेल फुगलेला.
उरले दोन.
दोघं भाऊ एका सोफ्यावर बसले,
मध्ये हातभर जागा सोडून.

हे चष्मे कसे चालतात, मला पाठ आहे.
एक डोळा झाकतात, मग दुसरा,
इतक्या घाईने की माणसाला कळतच नाही
आपण अर्धा वेळ आंधळे आहोत.
माझा डावा तिसरीत असताना विटीने नेला.
चष्म्याचं अर्धं काम माझ्यात तेव्हाच उरकलं.
वीस वर्षं टीव्ही उघडतोय,
खोली कशी दिसते, मला माहीत नाही.
हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही.

तेव्हा पडद्याकडे पाठ करून
मी त्यांच्याकडे बघत बसलो.
मासा बाहेर आला तो मला
त्यांच्या मानांवरून कळला:
दोन्ही एकदम मागे गेल्या,
एकाच बापाच्या माना,
दोन्ही डावीकडे थोड्या कललेल्या.
हेमराजचा हात हवेत काहीतरी धरायला निघाला.
लीलाधरने बघता बघताच
तो खाली दाबला.
“चावीन तो,” म्हणाला.

मासे संपले.
चष्मे काढून दोघांनी घाम पुसला
आणि मधली हातभर जागा
पुन्हा नीट करून घेतली.

कागदावर लिहिलं:
आवाज बरा. रिमोट आहे, झाकण नाही.
पट्टी भाजलेली. काळा उत्तम.
“खोली” पुढे पेन अडलं.
मग लिहिलं, दोघांना सारखीच दिसली.
भाव सहा हजार.
लीलाधर म्हणाले, फार झाला.
हेमराज म्हणाला, काहून एवढा कमी?
म्हणजे बरोबर असावा.

मजुरीचे दोनशे घेतले,
आणि उंदराने खाल्लेला चष्मा मागून घेतला.
कशाला, ते त्यांनी विचारलं नाही,
मलाही सांगता आलं नसतं.

परतताना अंधार पडला.
समोरून केळीचे ट्रक.
मी अंतर दिव्यांवरून काढतो:
बारीक असला तर लांब,
मोठा व्हायला लागला की बाजूला व्हायचं.
सहसा चुकत नाही.
एकदा आमोद्यापाशी चुकलं होतं,
थंडीत तो गुडघा दुखतो.